दुनळी कुणाच्या हाती

साठ-एकसष्टच्या सुमारास मी जर्मनीत कार्ल्सरूहेला डॉक्टरेट करत होतो. शहराच्या कडेला, जंगलाला लागून, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. मी, बायको आणि पावणेदोन वर्षांची मुलगी.

एका संध्याकाळी प्रयोगशाळेतून आलो तर घर रिकामं. बायको मुलीला कवटाळून शेजारणीकडे बसली होती. एक दारू प्यायलेला माणूस थेट आमच्या स्वयंपाकघरापर्यंत शिरला होता. त्याने हिचा दंड धरला, ही ओरडली, शेजारीण धावली, तेव्हा कुठे तो निघून गेला. पोलिसांनी सगळं व्यवस्थित लिहून घेतलं. हिच्या दंडावर चार बोटं उमटली होती. ती पाहून माझं डोकंच फिरलं.

"मला इथे एकटीला ठेवणार असाल, तर माझं नि पोरीचं बोटीचं तिकीट काढा," बायको म्हणाली. ती रडत नव्हती, म्हणून मी जास्त घाबरलो.

मी म्हटलं, "कुणी कुठे जाणार नाही. मी बंदूक आणतो."

आता बंदूक मी आयुष्यात हातात धरलेली नव्हती. आमच्या घराण्यातली शस्त्रं म्हणजे खंडेनवमीला पूजेला मांडलेली विळी, कात्री आणि अडकित्ता. पण एकदा मनात घेतलं की मी ऐकत नाही. प्रबंध बाजूला ठेवून चार दिवस मी बंदुकांचाच अभ्यास केला. वजन, लांबी, धक्का, छऱ्यांचा फैलाव, सगळ्याचा तक्ता केला. माझ्या प्रोफेसरांना त्या वर्षी माझ्याकडून एवढं नीटनेटकं काम दुसरं मिळालं नाही.

दुकानाचा मालक पांढऱ्या मिशांचा, मितभाषी गृहस्थ होता. त्याने माझा तक्ता चष्मा लावून वाचला. पिस्तुलाला पोलिसांचा परवाना लागेल, आणि तो मिळेपर्यंत तुमचे केस पिकतील, म्हणाला. नुसत्या आवाजाच्या पिस्तुलाने कावळे उडतात, माणसं नाही. लांब बंदुकीला मात्र परवाना नको होता. त्याने एक हलकी दुनळी बंदूक काढून माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, "तो माणूस आत कसा आला? कुलूप तोडून?"

"दार उघडं होतं."

"उघडं? का?"

इथे माझी पंचाईत झाली. दिवेलागणीला पुढचं दार उघडं ठेवायचं, लक्ष्मी घरात येते, ही आमची रीत. बायकोने ती पुण्याहून इथे आणली होती आणि मीही कधी हटकलं नव्हतं. उलट, घर भरल्यासारखं वाटायचं मला. माझ्या जर्मनमध्ये जमेल तसं मी त्याला समजावलं, की समृद्धीची देवी त्या वेळेला येते.

"अस्सं," तो शांतपणे म्हणाला, "आणि देवीला बेल वाजवता येत नाही?"

मी भडकलो. "मी बंदूक घ्यायला आलोय. दाराचं आमचं आम्ही बघू."

"बरं, बरं. त्या वेळी घरी कोण असतं?"

"बायको."

"मग तुम्ही कशाला निवडताय? तिला घेऊन या."

शनिवारी सकाळी आम्ही तिघं गेलो. बायकोने बंदूक उचलली आणि मी बघतच राहिलो. जन्मभर हाताळल्यासारखी तिने ती पेलली. मालकाने ती दोनदा उघडून रिकामी असल्याचं दाखवलं, कशी धरायची ते सांगितलं आणि म्हणाला, "आता घरी जशी धराल तशी धरा. समोर तो माणूस आहे."

मुलगी हिच्या कडेवर होती. दुनळीला दोन हात लागतात. म्हणून हिने तिला खाली ठेवलं. पोरगी तुरुतुरु समोर विकायला टांगलेल्या शिकारी कोटांशी जाऊन खेळू लागली. हिने पाय रोवले, बंदूक कमरेशी धरून नळ्या समोर रोखल्या. तिचा तो चेहरा मी लग्नापासून कधी पाहिला नव्हता. मुलीने वळून पाहिलं, घाबरली आणि "आई" करत सरळ तिच्याकडे धावली. नळ्यांच्या समोरून. मालकाने तळहाताने नळ्या वर ढकलल्या.

मुलगी निऱ्यांना चिकटून रडत होती. हिने बंदूक टेबलावर ठेवली, मुलीला उचललं, आणि मग जे ना मला सांगितलं होतं ना पोलिसांना, ते सांगितलं.

"अहो, त्या दिवशीही ही अशीच आली होती. दंड सोडवून मी लाटणं उगारलं नि ही धावत मधे आली, त्याच्या नि माझ्या. लाटणं होतं म्हणून हात आवरला." ती थांबली. "बंदूक असती ना, तर मी चालवली असती."

मी मालकाला दुनळी कपाटात ठेवायला सांगितली, आणि दार फटीपुरतंच उघडू देणारी जाड साखळी कुठे मिळते ते विचारलं.