महाळुंग्याचं बी

काकडी तराजूत टाकण्याआधी ते तिच्या देठाकडची चकती कापायचे, तोंडात टाकायचे, डोळे मिटून चावायचे आणि म्हणायचे, "कडू निघाली तर माझी." पाटीत दहा काकड्या असोत की चाळीस, चाखल्याशिवाय एकही कुणाच्या घरात जायची नाही. कडू निघालेली बाजूला पडायची आणि परत जाताना ते ती रस्त्यातच खाऊन टाकायचे. कडू कशाला खाता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "गोड समदेच खात्यात, बाई. हिला कोन इचारनार?"

कॉलनीत सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणत असे. नाव विचारायचं राहून गेलं. मुलांनो, मी इतकी टापटिपीची, धोब्याच्या कपड्यांचीसुद्धा यादी ठेवणारी, पण हे राहिलं.

तेव्हा पिंपरीला औषधांचा कारखाना नवा होता. तुमचे आजोबा तिथे रसायनतज्ज्ञ होते. मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवायची आणि तिच्यातून पेनिसिलिन काढायचं, असं ते काम. आमची बैठी घरं नव्या मुरुमावर उभी होती. कुंपणापलीकडे ज्वारी, आणि ज्वारीपलीकडे पवना. नदीच्या काठाला मामांचा लांबट पट्टा होता. त्यात ते फक्त काकडी लावत.

ते बी त्यांच्या बायकोचं होतं. लग्न होऊन आली तेव्हा तिनं महाळुंग्याहून, माहेराहून, पदरात बांधून आणलेलं. दर हंगामात पहिली चांगली काकडी ती वेलावरच पिवळी होऊ द्यायची, तिच्या बिया राखेत घोळवायची आणि शेणात थापून घराच्या भिंतीला लावून ठेवायची. बायको गेल्यावर मामा तसंच करू लागले. महाळुंग्याला आता ते बी कुणाकडे उरलं नव्हतं. तिचे भाऊ चाकणच्या बाजारासाठी कांदा करू लागले होते. मामा काकडीला "आमची मंडळी" म्हणत. "आज मंडळी जरा बारीक हायत," असं म्हणून पाटी उतरवत. ऐकणाऱ्या बायका हसत, आणि तेही हसत.

एका उन्हाळ्यात पाटी अर्धीच येऊ लागली. वेल सकाळी ताठ असतात आणि दुपारी माना टाकतात, असं मामा सांगू लागले. तहानले असतील म्हणून त्यांनी पाणी वाढवलं. दुसऱ्या दिवशी आणखी वेल पडले, तेव्हा आणखी पाणी दिलं. आठवड्याभरात वेल सकाळीसुद्धा उठेनासे झाले. मग एक दिवस त्यांनी मुळासकट उपटलेला वेल आणून माझ्या पायरीवर ठेवला. मूळ तपकिरी पडलं होतं. बोटानं ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येई आणि आत नुसता दोरा राही. वास ओल्या गोणपाटासारखा.

"मर लागली," मामा म्हणाले. आपल्याकडे या रोगाला हेच नाव आहे. नुसतं 'मर'. मला तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

तुमच्या आजोबांनी मूळ भिंगाखाली धरलं आणि ही बुरशी आहे, असं सांगितलं. मामांचा चेहरा उजळला. बुरशीचंच औषध करता ना तुम्ही, मग द्या की थोडं, असं त्यांचं म्हणणं. आजोबांनी समजावलं की आमची बुरशी जंतू मारते, दुसऱ्या बुरशीला ती काही करत नाही. त्या दोघी भाऊबंद आहेत म्हणा ना.

मामा म्हणाले, "सायेब, भाऊबंद हायत तर एकमेकीला मारायला काय हरकत हाय? आमच्याकडं तर बांधावरनं मारत्यात."

आजोबा खूप हसले. मामाही हसले. वेल पायरीवर पडून होता.

मी त्यांना म्हटलं, मी पुस्तकात बघते. कारखान्याच्या वाचनालयात शेतीच्या रोगांवरचा एक जाड इंग्रजी ग्रंथ होता. तो घरी आणून मी पायरीवर बसले, मामा खालच्या पायरीवर बसले, आणि मी एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. मेलेले वेल जाळावेत. मुळाशी पाणी साचू देऊ नये. हे ऐकून मामांनी मान खाली घातली. रोग लागलेल्या मातीत काही वर्षं काकडी लावू नये, नवी जमीन घ्यावी. यावर त्यांनी विचारलं, "नवी म्हंजे कुटली?" मी पुस्तकात पुढे बघितलं.

चौथं वाक्य मी सांगितलं नाही. ते असं होतं की ही माती माणसाच्या पायांना आणि अवजारांना लागून दुसरीकडे जाते, म्हणून नव्या जागेत शिरण्याआधी पाय आणि अवजारं धुवावीत.

का सांगितलं नाही, ते तुम्हाला नीट कळायला हवं. माझ्या सासरी भाजीवाल्याला अंगणाबाहेर थांबवत आणि तो गेल्यावर तिथे पाणी शिंपडत. माझ्या घरात असं कधी होणार नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. मामा चिखलाच्या पायांनी थेट पायरीवर येऊन बसत, याचा मला अभिमान होता. त्या माणसाला "पाय धुऊन आत या" असं म्हणायला माझी जीभ उचलेना. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "मामा, आमच्या मागच्या अंगणात लावा. इथली माती नवी आहे."

त्यांच्याकडे भिंतीवर एकच गोवरी उरली होती. ती फोडली तेव्हा चौदा बिया निघाल्या. त्यांनी त्या माझ्या ओंजळीत घातल्या, परत घेतल्या आणि एकेक करून आळ्यात टोचल्या. चौदाही उगवल्या. खायला काही ठेवायचं नाही, यंदा सगळ्या काकड्या पिवळ्या होऊ द्यायच्या, असं ठरलं. त्या बियांसाठीच हा सगळा खटाटोप होता.

मामा रोज शेतावरून यायचे. तिथे मेथी लावायला घेतली होती. पायांना घोट्यापर्यंत चिखल, कमरेला तेच खुरपं. ते पाय मला दिसत होते. मी फाटकाशी पाण्याची बादली आणि तांब्या ठेवला. न बोलता समजेल, असं मला वाटलं. मामांनी बादली उचलली आणि प्रत्येक वेलाला तांब्या-तांब्या पाणी घातलं. "बरं केलंत, बाई. नळापत्तुर हेलपाटा वाचला." दुसऱ्या दिवशी मी बादली ठेवली नाही. त्यांचं खुरपं मात्र मी मागून घेऊन स्वतः धुऊन ठेवत राहिले. पाय काही मला मागून घेता येत नव्हते.

फुलं आली. बोटाएवढ्या काकड्या लागल्या, मग हाताएवढ्या झाल्या. मी रोज दुपारी खिडकीतून पानं बघत असे. एका दुपारी कडेच्या वेलाचं एक पान मला जरा सैल दिसलं. ऊन आहे, असं मी स्वतःला सांगितलं. सकाळी ते ताठ होतं. त्याचीच मला भीती वाटली.

बारा दिवसांत चौदाही वेल गेले. मामांनी पाणी घातलं नाही, पुस्तकातलं त्यांना आठवत होतं. ते नुसते आळ्यांच्या मधोमध उकिडवे बसून राहायचे. सर्वांत मोठी काकडी थोडी पिवळट झाली होती. ती त्यांनी चिरली, बिया काढल्या आणि माझ्याकडून वाटीभर पाणी घेऊन त्यात सोडल्या. चांगलं बी बुडतं. त्यातली एकही बुडाली नाही.

मग मी आतून पुस्तक आणलं आणि ते चौथं वाक्य त्यांना सांगितलं. का सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं. ते ऐकत होते, पण बघत होते स्वतःच्या पायांकडे.

"पाय धू म्हनायचं व्हतं, बाई."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, मामा."

"व्हय. वाटलं असतं." त्यांनी वाटीतलं पाणी आळ्यात ओतलं. "पन धुतलं असतं."

त्या उरलेल्या काकडीची चकती त्यांनी नेहमीसारखी तोंडात टाकली. कडू होती का, ते त्यांनी सांगितलं नाही. काकडी मात्र धोतराच्या सोग्यात बांधून घेऊन गेले.

त्यानंतर वर्षभर ते मेथी आणि घेवडा घेऊन येत राहिले. भाजीत चाखायचं काही नसे, त्यामुळे बोलणंही कमी झालं. "आज मंडळी..." असं एकदा त्यांच्या तोंडून निघालं, आणि त्यांनी पाटी उतरवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी ते देहूला भाच्याकडे राहायला गेल्याचं कळलं. मी तिथे कधी गेले नाही.

पण ते वर्षभर, मुलांनो, ते यायचे तेव्हा पाटी फाटकाबाहेर ठेवायचे आणि कुंपणाजवळचा नळ सोडायचे. आधी एक पाय, मग दुसरा, टाचेनं टाच घासून, बोटांच्या बेचक्यांसकट. मागच्या अंगणात तेव्हा जपण्यासारखं काहीही उरलं नव्हतं, नुसता कोरडा मुरुम होता. "आता नको, मामा," हे शब्द रोज माझ्या ओठांवर यायचे. पण तेही बोलायला मला कधी जमलं नाही. मी दारात उभी राहायची आणि ते ओल्या पायांनी पायरी चढून यायचे. उन्हाळ्यात त्या पायांचे ठसे भाजी मोजून होईपर्यंत वाळून गेलेले असायचे.