लटारूचा हात

आरमोरीजवळच्या एका गावात राहणारा लटारू नाटकात ऑर्गन वाजवायचा. त्याचं वाजवणं ऐकून लोक म्हणायचे, "देवाची देणगी हाय!" बोटं सुजेपर्यंत चाललेला त्याचा रोजचा रियाज फक्त बायकोनं, रुखमाबाईनं पाहिला होता.

यंदा नाटकांचा हंगाम संपल्यावर तो मोहफुलं वेचत असताना अस्वलानं त्याचा उजवा हात फाडला. तो कोपरापासून कापावा लागला.

तो दवाखान्यातून घरी आल्यावर शेजारी भेटायला आले. एकजण म्हणाला, "देवानं देल्लं, देवानंच नेलं. आपण का करू शकतो, भाऊ?"

रुखमाबाई भडकली. "देवानं नाई देल्लं! यायनं कमावलं होतं. सारी उमर घातली त्याच्यात."

अस्वलानं धरल्यापासून एकदाही न रडलेला लटारू भिंतीकडे तोंड करून हमसून हमसून रडू लागला.