तीन बोटांची चिमूट

"एक मिनिट. कुणी बोलायचं न्हाय," असं म्हणून सिस्टर मनगटावरचं घड्याळ वर धरायच्या आणि आईच्या मांडीवरच्या बाळाच्या पोटाकडं बघत राहायच्या. बाळाला हात लावायचा नाही, झबलं तेवढं वर केलेलं. श्वास मोजायचे, तेही पुरं एक मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणं त्यांना मान्य नव्हतं. "बाळाला कुठं ठावं हाय तुमचा पाढा?" म्हणायच्या.

राजारामपुरीतल्या एका मुलांच्या दवाखान्यात मी केसपेपर लिहायला होतो. नव्वद सालानंतरचे ते दिवस. त्या काळात तुम्ही लेकरू घेऊन अशा दवाखान्यात बसला असाल, तर काउंटरवरचा एखादा तिरसट माणूस तुम्हाला आठवत असेल. तो मीच होतो असं समजायला माझी हरकत नाही. बाहेर व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसायची आणि आत सिस्टर एकेका बाळापाशी निवांत. माझं डोकं फिरायचं.

बरं, तपासून झालं म्हणजे सुटका झाली असंही नाही. मग शिकवणी सुरू व्हायची. ताप आला तर अंग कसं पुसायचं, श्वास घेताना बाळाची छाती आत ओढली जायला लागली की वाट बघत का बसायचं नाही, हे सगळं सांगायच्या आणि शेवटी आईला म्हणायच्या, "हं अक्का, आता तुम्ही मला शिकवा. मी नवी सून हाय असं समजा."

एका सासूबाईंनी ते फारच मनावर घेतलं. पदर खोचून "डोसकं हाय का न्हाय गं तुला?" इथपासून सुरुवात केली. पन्नाशीच्या सिस्टर मान खाली घालून "व्हय आत्याबाई" म्हणत उभ्या. बाई गेल्यावर मला म्हणाल्या, "हिला पुरतं समजलंय. चिडल्याबिगर इतकं नीट कोण सांगतंय?"

एका उन्हाळ्यात हुपरीहून चांदीकाम करणारं एक कुटुंब आलं. नऊ महिन्यांची मुलगी, दोन दिवस जुलाब. पाणी पाजलं की जुलाब वाढतात म्हणून घरच्यांनी पाणीच बंद केलेलं. सिस्टरनी मुलीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडून बघितली, डोळे बघितले, तोंडात बोट घालून ओल बघितली. मग आईला आणि आजीला मीठ-साखरेचं पाणी शिकवलं. तांब्याभर उकळून गार केलेलं पाणी, मूठभर साखर, तीन बोटांची चिमूटभर मीठ. दोघींनी बिनचूक म्हणून दाखवलं.

तरी सिस्टरचं समाधान होईना. तपासणीच्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. त्यातनं डोकं काढून मला म्हणाल्या, "बाहेर हिचे आजोबा हाईत न्हवं? त्यांना जरा आत पाठवा. घरात पाणी कोण करंल, सांगता येत न्हाय."

"सिस्टर, आवरा की," मी म्हणालो. "म्हाताऱ्याला काय शिकवत बसता? बाहेर जत्रा भरलीया."

त्यांनी पडदा सोडला. मग पुढचं बाळ आत घेतलं.

तिसऱ्या दिवशी ती मुलगी परत आली तेव्हा डोळे उघडत नव्हती. उठवलं की नुसती किरकिर. सिस्टरनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुणी केलतं?"

आजी तयार पैंजण व्यापाऱ्याला द्यायला गेलेली. दोन रात्री जागलेली आई सासऱ्यांना कृती सांगून पडली होती. "म्या केलतं," आजोबा म्हणाले. "तीन बोटांची चिमूट. तुम्ही सांगितल्याली."

सिस्टरनी मीठ मागवलं आणि त्यांना चिमूट घ्यायला सांगितली. चांदीची तार ओढून ओढून त्या माणसाची बोटं खुंटीएवढी झालेली. त्या चिमटीत शिगोशीग चमचाभर मीठ आलं. एवढं मीठ पोटात गेल्यानं पोरगी आणखीच सुकली होती.

सलाईन लागलं. चार दिवसांनी मुलगी हसली तेव्हा दवाखाना हलका झाला. पण मधल्या दिवसांत डॉक्टरांनी सिस्टरना सगळ्यांसमोर झापलं होतं. "माझं शिकवायचं चुकलं," एवढंच त्या म्हणाल्या. मला वाटलं, आता माझं नाव येणार. आलं नाही. मी पुढचा केसपेपर लिहीत राहिलो. त्याची लाज मला अजून वाटते.

आठवड्यानं आजी मुलीला दाखवायला आली. म्हणाली, "पोरगी बरी हाय, पर ह्येंनी हात लावायचा सोडलाय तिला. जवळ आली तर उठून जात्यात."

रविवारी सिस्टर हुपरीला निघाल्या. मीही न विचारता एस.टी.त बसलो. आजोबा सोप्यात भिंतीकडं तोंड करून बसले होते. सिस्टर त्यांच्यासमोर तांब्या, मीठ आणि साखर घेऊन बसल्या.

"आजोबा, हात मोठा असणं हा काय गुन्हा न्हाय. चिमूट मापायची माझी रीत चुकली. आता चिमूट नगं, चहाचा सपाट अर्धा चमचा घ्या. आणि पाजायच्या आधी सवता चाखायचं. डोळ्यातल्या पाण्यापरीस खारट लागलं तर वतून टाकायचं."

त्यांनी पाणी केलं, चाखलं. सिस्टरनीही चाखलं. मग मुलीला उचलून सरळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. पहिल्या चमच्यातलं अर्धं पाणी झबल्यावर सांडलं. पोरीनं पुढच्या चमच्यासाठी आ केला. आजोबा रडले. मी हातपाय धुवायचं निमित्त करून घरामागच्या परड्यात गेलो.

पुढं सिस्टर निवृत्त होऊन सीमेजवळच्या गावी भावाकडं राहायला गेल्या आणि तिथंच वारल्या. बातमी कळल्यावर आजोबा एकटेच दवाखान्यात आले. नात आता शाळेत जाते म्हणाले. बाकावर त्यांच्याशेजारी बसून मी एकदाचं सांगून टाकलं, त्या दिवशी तुम्हाला आत बोलवू दिलं नाही तो मी.

"ठावं हाय की," आजोबा म्हणाले. "मी पडद्यापशीच हुबा हुतो."

"मग इतकी वर्सं बोलला न्हाईसा?"

"तुम्ही परड्यात गेलता तवा सिस्टर म्हणाल्या, त्येला काय बोलू नगा. त्योबी तुमच्यागतच झोपल्याला न्हाय."

काउंटरवरून कुणीतरी मला दोनदा हाक मारली. मी तसाच त्यांच्याशेजारी बसून राहिलो.