माझ्या अक्षरातला राजीनामा

त्या दुष्काळात कारखान्यांची पाणीकपात झाली आणि शेंद्र्याच्या आमच्या कारखान्यातलं प्लेटिंगचं, म्हणजे सुट्या भागांना मुलामा द्यायचं खातं बंद पडलं. नुसते ते भाग धुवायलाच टाक्याच्या टाक्या पाणी लागायचं. सुपरवायझर म्हणाला, "राजीनामे लिहून द्या, हिशोब लवकर होईल." आम्ही लिहायला बसलो.

माझा जोडीदार जवळच्याच खेड्यातला. एकाच टाकीवर आम्ही नऊ वर्षं समोरासमोर उभे राहिलो होतो. तो सहीपुरता शिकलेला. म्हणाला, "तूच लिही भाऊ, तुझं अक्षर छापल्यावानी हाय." मी लिहिलं. 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द मीच घातले. अर्जात तसंच लिहितात, एवढीच माझी अक्कल. त्यानं सही केली, कागद सुपरवायझरच्या टेबलावर ठेवला आणि चहाला गेला.

माझा कागद अजून हातातच होता. तेवढ्यात हजेरीचा कारकून जवळ आला. तो माझा लांबचा मावसभाऊ. हळूच म्हणाला, "येडा का तू? त्यांना काढू दे, कमी केल्याचं पत्र घे. कामगार विम्याचा बेकारी भत्ता काढलेल्याला मिळतो, सोडून जाणाऱ्याला नाय. अन् माझं नाव कुठं घेऊ नको."

मी कागदाची घडी करून खिशात घातली. जोडीदाराचा कागद माझ्यापासून चार पावलांवर होता. सुपरवायझर जाग्यावर नव्हता. उचलला असता तर कुणी विचारलंही नसतं.

मावसभावानं गप्प राहायला सांगितलं होतं, ही सबब मी पुढं बरीच वर्षं स्वतःला दिली. खरं सांगायचं तर, दोघं अडून बसलो तर दोघांचंही फिसकटेल, एकट्याचं खपून जाईल, असं मला त्या क्षणी वाटलं. लिहायलाही लाज वाटते, पण ते तसंच होतं.

मला पत्र मिळालं. विमा कार्यालयात आम्ही त्याच्याच मोटारसायकलवर गेलो. खिडकीतली बाई त्याचे कागद चाळून म्हणाली, "काका, तुम्ही स्वतःहून सोडलीय ना नोकरी? मग भत्ता कसा मिळेल?" माझ्या कागदांवर शिक्का बसला.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "तुझं कसं काय जमलं रं?"

"माझा राजीनामा गहाळ झाला म्हणे."

"लई नशीबवान हायस," तो हसला आणि गाडीला किक मारली. परत येताना मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. मागची दांडी धरून बसलो.

भत्ता होता म्हणून मला काम पारखून घेता आलं. चार महिन्यांनी एका गोदामात लागलो. त्याला थांबायला सवड नव्हती. शहराच्या कडेला नव्या वसाहती उठत होत्या, तिथं नळ पोचले नव्हते. तो टँकरवर पाइप धरायला लागला. आमच्या गल्लीतही यायचा. "वहिनी, ड्रम सरकवा!" अशी हाक यायची आणि आमचा ड्रम काठोकाठ भरायचा. शेजारीण टोमणा मारायची, "तुमचं काय बाई, घरचाच टँकर!" बायको हसायची. मी आत पेपर धरून बसायचो.

मग एका सकाळी तो छापील अर्ज घेऊन आला. एका नव्या सोसायटीत वॉचमन हवा होता. "तुझ्याच हातानं लिही." नाव, गाव, वय लिहिलं. पुढचा रकाना होता, मागील नोकरी सोडण्याचे कारण. 'वै' लिहिला आणि पेन थांबलं.

मी सगळं सांगितलं. टेबल, चार पावलं, खिसा, सगळं.

"मी चहा पीत व्हतो तवा?" एवढंच त्यानं विचारलं.

"हो."

त्यानं अर्ज माझ्या हातातून काढून घेतला. "ऱ्हाऊ दे. दुसऱ्याकडून लिहून घेतो."

पुढच्या खेपेला टँकर आला. त्यानं आमचा ड्रम नेहमीसारखाच काठोकाठ भरला. हाक मात्र मारली नाही.