कॉम्प्युटरनं ठरवलेली झडप

चामराजपेटच्या बाजारातून परत येताना हे एका बंद दुकानाच्या पायरीवर मटकन बसले आणि भाजीची पिशवी माझ्याकडे देत म्हणाले, "जरा दम खातो." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जड पिशवी ह्यांनी माझ्या हातात कधी दिली नव्हती. मी तेव्हाच घाबरले.

तपासण्या झाल्या. हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथली झडप चुन्यासारख्या थरानं कडक झाली होती, धड उघडत नव्हती. बदलायलाच हवी होती. डॉक्टर आमच्या बेळगावकडचे, मराठी बोलणारे. त्यांनी समजावून सांगितलं. एक तर छाती उघडून नवी झडप शिवायची, किंवा मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी वर सरकवून, मिटलेली झडप आत नेऊन उघडायची.

"ह्यांच्या वयाला दोन्ही चालतात," ते म्हणाले. "पण पुढं जाऊन कुठली जास्त बरी ठरते, ते अजून पक्कं माहीत नाही. म्हणून आमच्याकडे अभ्यास चालू आहे. त्यात आलात तर कुठली करायची ते कॉम्प्युटर ठरवतो, चिठ्ठी टाकल्यासारखं. मी ठरवत नाही, तुम्हीही नाही."

"आणि नाही आलो तर?" मी विचारलं.

"तर आपण बसून ठरवू. उपचारात काही कमी होणार नाही. आलात आणि मधेच सोडलंत, तरी चालतं."

दोन्हीतले धोकेही त्यांनी सांगितले. रक्तस्राव, पक्षाघात, मृत्यू. मी सगळं ऐकलं, पण ते दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय असं धरून.

हे विमानाचे भाग बनवणाऱ्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले. रिक्षात म्हणाले, "आयुष्यभर मी पार्ट मोडेपर्यंत दाबून बघितले. कुणीतरी तपासल्याशिवाय ते विमानात बसत नाहीत."

"तुम्ही पार्ट नव्हे."

"नव्हेच. म्हणून तर मला विचारताहेत."

मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला राहतो, तिथून रात्री तावातावानं आला. "बाबा, तुम्ही काय प्रयोगाचा उंदीर आहात?" ह्यांनी त्याला शांतपणे जेवायला बसवलं. सही करायची ते ठरलंच होतं.

कॉम्प्युटरनं नळीची पद्धत दिली. छाती कापायची नाही म्हणताना मला रडू आलं. देवापुढं साखर ठेवली, शेजारच्या अक्कांना पेढे दिले.

झडप छान बसली. डॉक्टर हसत बाहेर आले. संध्याकाळी मी ह्यांना पाणी पाजत होते, तर ते ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून खाली ओघळलं. "नीट प्या हो," म्हणाले मी. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. उजवा हात उचलायला गेले आणि तो वर आलाच नाही.

जुन्या झडपेवरचा एखादा कण सुटून मेंदूत गेला असावा, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, "छाती उघडली असती तर हे झालं नसतं ना?"

"सांगता येत नाही, वहिनी. तिकडंही होतं. कशात कमी होतं, तेच तर शोधतोय."

ते खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. चिडायला कुणीतरी मिळालं असतं.

ह्यांची वाचा गेली. एक कानडी शब्द तेवढा उरला, 'सरी', म्हणजे 'बरं'. भूक लागली तरी सरी, दुखलं तरी सरी, डोळ्यांतून पाणी येत असतानाही सरी. मुलगा म्हणाला, "आता तरी त्या अभ्यासातून बाहेर पडू या." मी ह्यांना विचारलं, "सोडायचं का ते?" "सरी." "मग चालू ठेवायचं?" "सरी." मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

अभ्यासाचं काम बघणारी एक कानडी मुलगी घरी येऊन ह्यांना तपासायची. हात उचला, हे काय आहे सांगा. ती यायची म्हटली की हे शर्टाच्या बटनाकडं बोट दाखवायचे. मी बटन लावून द्यायची. मग पाठ ताठ करून बसायचे आणि घाम फुटेस्तोवर हात उचलायचा प्रयत्न करायचे. ते पाहिलं आणि मी मुलाला सांगितलं, चालू राहू दे. ह्यांच्या वतीनं घेतलेला तो निर्णय. बरोबर होता का, अजून कळत नाही.

थंडीत ह्यांच्या छातीत कफ साठला, ताप आला आणि हे गेले.

पुढच्या तपासणीची वेळ ठरवायला त्या मुलीचा फोन आला. मी सांगितलं. मग ती हळूच म्हणाली, "अम्मा, मला काही विचारावं लागेल. नंतर फोन करू का?"

"आत्ताच विचार."

ताप कधी आला, धाप लागत होती का, छातीत दुखलं का. मी उभ्याउभ्याच उत्तरं दिली. शेवटी मीच विचारलं, "कुठली बरी, ते कळलं का?"

"नाही अम्मा. अजून खूप जण यायचे आहेत."

मुलगा समोर बसला होता. "कुणाचा फोन?"

"हॉस्पिटलचा."

तो उठून गॅलरीत गेला. त्यानंतर आम्ही दोघं त्या विषयावर कधी बोललो नाही.