भिंगरीची टाच

ही माझी धाकटी बहीण. सख्खी. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी तिची टिंगल केली तर कुणी मध्ये तोंड घालायचं नाही. तिची टिंगल करायचा हक्क फक्त माझा. दुसऱ्या कुणी केली तर मी आधी हातातला हातोडा खाली ठेवतो आणि मग बोलतो, एवढी काळजी घेतो.

घरात तिला भिंगरी म्हणतात. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून. आताही बसत नाही. फरक एवढाच, की आता ती आदळली की समोरचा पडतो.

आमचं फर्निचरचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे कारखाना, वर आम्ही राहतो, आम्ही दोघं, बाबा आणि आत्या. लाकडाचं काम माझं, गाद्या-सोफ्यांचं तिचं. सोफ्याचे पट्टे ताणायचे, स्पंज बसवायचा, वर कापड ओढून खिळे मारायचे. खिळे ती तोंडात धरते, आणि तोंडात खिळे असतानाही बोलते. तिने ताणलेला पट्टा सैल पडला असं आजवर एकही गिऱ्हाईक म्हणालेलं नाही. माझ्या खुर्च्यांबद्दल एकदोघं म्हणालेत, पण ते लोक बसतातच वाकडे.

आणि ती पळते. आमच्या रस्त्यावर तिच्यासारखं पळणारं कुणी नाही. पुढच्या रस्त्यावरही नाही. त्याच्या पुढे मी फारसा गेलेलो नाही, पण तिथेही नसणार.

तिला अग्निशमन दलात जायचंय. हे खूळ शेजारच्या रंगाच्या दुकानाला आग लागली तेव्हाचं. आम्ही सगळे बादल्या घेऊन नुसते ओरडत होतो. तेवढ्यात बंब आला, आणि बंबाच्या शिडीवर एक बाई चढली. शांतपणे, घरचा माळा झाडायला चढावं तशी. भिंगरी तोंड उघडं टाकून बघत राहिली आणि तिची बादली माझ्या पायावर रिकामी झाली. त्या दिवसापासून हे सुरू. पण भरतीला वयाची अट आहे आणि हे तिचं शेवटचं वर्ष. झालं तर यंदा, नाहीतर जन्मभर सोफे. भरतीत दोरावर चढायचं असतं, वाळूची गोणी खांद्यावर टाकून न्यायची असते, आणि पळायचं असतं. पळण्याची आम्हाला काळजीच नव्हती.

तिला एक खोड आहे. तिला काही दुखत नाही. बोटात सुई गेली, “नाही दुखत.” पायावर पाट पडला, “नाही दुखत.” पळून आली की जिना कठडा धरून, एकेक पायरी चढायला लागली होती. मी विचारलं की उत्तर ठरलेलं.

त्यात मैदानावर एक घड्याळवाला भेटला. मोठ्या हुद्द्यावर आहे म्हणे कुठेतरी. त्याच्या मनगटावरचं घड्याळ त्याला सांगतं की तो दमलाय की नाही. स्वतःचं स्वतःला कळत नाही. त्याने हिला सांगितलं, “दुखलं तरी थांबायचं नसतं. दुखतंय म्हणजे तयार होतंय.” एवढं शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर हिला आयतंच मिळालं.

मग एका सकाळी ती भाजीवाल्याच्या हातगाडीवर बसून घरी आली. कोबीच्या शेजारी. भाजीवाला गाडी ढकलतोय, ही एक पाय हवेत धरून बसलीय, आणि वर मला म्हणते, “दादा, तसं काही दुखत नाहीये.”

हाडांच्या डॉक्टरने फिजिओबाईंकडे धाडलं. बाई किरकोळ, आवाज मऊ, आणि बोटं पकडीसारखी. त्यांनी टाचेच्या वरची ती जाड शीर, दोरीसारखी असते ती, चिमटीत धरली.

“दुखतंय?”

“नाही.”

“मग डोळ्यात पाणी कशाचं?”

“वाऱ्याने आलं.”

“खिडकी बंद आहे,” बाई म्हणाल्या आणि अजून दाबलं. तेव्हा भिंगरीने माझा दंड धरला. त्याचे वळ मी घरी सगळ्यांना दाखवले.

“तुटलेली नाही, पण सुजलीय,” बाई म्हणाल्या. “अशीच पळत राहिलात तर तुटेल. आता मी सांगेपर्यंत पळणं बंद.”

“थोडं थोडं?”

“नाही.”

“हळूहळू?”

“नाही.”

“मनातल्या मनात?” हे मी विचारलं. बाई हसल्या नाहीत. फार शिकलेल्या आहेत.

पण बाईंचीही एक चूक झाली. निघताना म्हणाल्या, सध्या बुटात टाचेखाली थोडी उंची द्या, म्हणजे दोरीवर ताण येणार नाही, दुकानात मऊ पट्ट्या मिळतात. हे त्यांनी सुताराच्या पोरांना सांगितलं. मी घरी येऊन बाबांना सांगितलं.

बाबांनी काम सोडल्याला बरीच वर्षं झाली असं ते म्हणतात. त्यांनी फक्त गिऱ्हाइकाचं ऐकणं सोडलंय, काम कुठलं सोडायला. “विकत कशाला आणायची?” म्हणाले, आणि जुन्या कपाटाचा पाय कापून त्यातून पाचर काढली. रंधा मारला, पॉलिश केलं. बुटाच्या आत जाणारी वस्तू, ती बघणार कोण? तरी पॉलिश केलं. आमच्याकडे काम असं असतं.

भिंगरी पाचर घालून उभी राहिली. बाबा लांब गेले, एक डोळा मिटला.

“झुकतीये.”

“बाबा, मी टेबल नाहीये.”

“टेबल बरं. ते बोलत नाही.”

मग दुसऱ्या बुटातही पाचर. आता पहिली कमी वाटायला लागली. पहिली जाड केली, तर दुसरी कमी. डुगडुगणारं टेबल असंच बसवतात, बाबांचा त्यात हात धरणारं कुणी नाही. शेवटी त्यांनी तिच्या कमरेवर पाणसळ, म्हणजे ती बुडबुड्याची पट्टी, आडवी धरली आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत तिला श्वाससुद्धा घेऊ दिला नाही. बुडबुडा मधोमध आला तेव्हा भिंगरी आत्यापेक्षा उंच झाली होती आणि बदकासारखी चालत होती.

लवकरच तिची कंबर धरली. फिजिओबाईंनी बुटात हात घालून पाचरी बाहेर काढल्या आणि विचारलं, “हे काय आहे?”

“आमच्या बाबांचं काम,” मी म्हटलं. “पॉलिश बघा.”

बाईंनी मऊ पट्ट्या स्वतः आणून दिल्या. पाचरी त्यांच्याच टेबलावर राहिल्या. कागद उडू नयेत म्हणून वापरतात. म्हणजे वाया काही गेलं नाही.

पळणं बंद झाल्यावर पहिले काही दिवस भिंगरीने घराचा पार भुगा केला. दार आपटलं, भांडं आपटलं, आपटायला काही उरलं नाही की मला बोलायची. मग बाईंनी तिला पोहण्याच्या तलावावर धाडलं. कमरेला फोमचा पट्टा बांधायचा आणि खोल पाण्यात उभ्या उभ्या पळायचं. पाय तळाला लागत नाहीत, म्हणून टाचेवर भार नाही. वेळ नेमकी म्हाताऱ्यांची. त्या बिचाऱ्या सुनांच्या गोष्टी करत पाय हलवतायत, आणि मधोमध ही दात-ओठ खाऊन जागच्या जागी धावतेय. एका आजींनी विचारलं म्हणे, “पोरी, बस सुटली का तुझी?” हे तिने घरी सांगितलंच नसतं. मी तिला आणायला गेलो होतो म्हणून कळलं. मी तसा आठवडाभर रोज आणायला गेलो.

घरी जिन्यावरचा व्यायाम. पायरीच्या कडेवर पंजे टेकायचे आणि टाच हळूहळू खाली सोडायची. हळू म्हणजे, बघणाऱ्याला झोप यावी इतकं हळू. आमचा जिना अरुंद. आत्या बादली घेऊन खालून यायची आणि अडकायची.

“सरक गं बाजूला.”

“आत्या, मध्येच सोडलं तर परत पहिल्यापासून करायचंय.”

“कर. जिन्यातच राहा. लंगडी झालीस तर कोण पत्करेल तुला?”

“मग असा बघ, जो पळून जाणार नाही. मला पाठलाग जमायचा नाही.”

आत्याने बादलीतलं पाणी थोडं सांडलं. चुकून, असं ती म्हणते.

कारखान्यात फळ्या ठेवायच्या तुळईला मी दोर बांधून दिला. दोर असा, की बंबसुद्धा टांगून घ्यावा. पाय न लावता, नुसत्या हातांनी ती तो चढायला लागली. सोफ्याचं गिऱ्हाईक आलं की वरूनच भाव सांगायची. सोफ्याकडे बघत घासाघीस करणारे लोक मान वर करून ती करायला लाजतात, हा आमचा फायदा झाला.

अशात एकदा घड्याळवाला खुर्ची दुरुस्तीला घेऊन आला. भिंगरी तोंडात खिळे धरून काम करत होती.

“काय, सोडलंत का पळणं?” तो म्हणाला. “एवढे दिवस बसून काढलेत, आता सगळा दम गेला असणार. माझी तर वेळ अजून कमी झाली.”

भिंगरीने खिळे तळहातावर काढले. “तुमच्या घड्याळाला विचारा की, खुर्ची कधी मिळेल ते.”

तो गेल्यावर आम्ही खूप हसलो. ती पण हसली. आणि दुपारी बघतो तर मागच्या दारात बसून पळायचे बूट चढवतेय. नाड्या बांधून झाल्या होत्या. ‘नको जाऊ’ म्हणावंसं वाटलं, पण आमच्या घरात मनातलं बोलायची पद्धत नाही.

“जा,” मी म्हटलं. “अडवत नाही. फक्त भाजीवाल्याला सांगून ठेवतो, कोबी जरा सरकवून ठेव म्हणून.”

एक बूट माझ्या डोक्यावरून गेला. दुसरा तिने नीट काढून खोक्यात ठेवला. मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

भरतीच्या तारखा लागल्या. पहिली फेरी सोमवारी, बहुतेक जागा तीतच भरायच्या. दुसरी दोन महिन्यांनी, उरल्यासुरल्या जागांसाठी. आजारी असेल त्याला डॉक्टरची चिठ्ठी देऊन दुसऱ्या फेरीत नाव घालता येतं, पण ते भरतीच्या ऑफिसात, शुक्रवारी दुपारच्या आत.

फिजिओबाई म्हणाल्या, “गुरुवारी संध्याकाळी पळून बघा. भरतीच्या वेगाने. पळताना कसं वाटलं ते मी विचारणार नाही, अंग तापलं की कळत नाही. शुक्रवारी सकाळी अंथरुणातून उतरून पहिलं पाऊल टाकाल, ते कसं पडतं ते बघा. तिथे दुखलं तर सोमवारी पळायचं नाही. टाचेची दोरी तुटली तर मग कुठलीच फेरी नाही.” मग जरा थांबून म्हणाल्या, “आणि तिथे मी नसेन. तुम्हालाच खरं सांगावं लागेल.”

आता घ्या. सगळं कुणाच्या शब्दावर आलं, तर जिला जन्मात काही दुखलेलं नाही तिच्या.

गुरुवारी ती पळाली. मी मैदानाच्या कडेला उभा होतो. काय सांगू! एवढे दिवस पाण्यात वाया घालवलेली सगळी धाव तिने तिथे वसूल केली. घड्याळवाल्याच्या बाजूने अशी गेली, की तो मनगटाकडे बघायला लागला, जणू घड्याळ सांगेल कोण गेलं ते. थांबली तेव्हा घामाने निथळत होती आणि हसत होती. मी घरी येईपर्यंत रस्ताभर सांगत आलो. इस्त्रीवाला, किराणावाला, रंगाचं दुकान, सगळ्यांना. सोमवारी माझी बहीण बंबवाली होणार. बाबांनी जेवायच्या आधीच हेल्मेट टांगायला खुंटी कोरायला घेतली. आत्यासुद्धा फोनवर कुणाला तरी “आमची अग्निशमनवाली” म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीने डोळे उघडले तेव्हा खोलीत आम्ही तिघंही होतो. बाबा, पिठाच्या हाताने आत्या, आणि मी.

“काय हे?” ती म्हणाली. “मी काय बाळंत झालेय?”

“उतर खाली,” बाबा म्हणाले.

तिने पाय खाली सोडले. आधी बरा पाय टेकला. मग दुसरा. उभी राहिली आणि एक पाऊल टाकलं. मी तिचा चेहरा बघत होतो. ताणून बसवलेल्या कापडासारखा, एक सुरकुती नाही. माझा जीव भांड्यात पडला.

“दुखतंय,” ती म्हणाली.

आम्हाला आधी कळलंच नाही. हा शब्द तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

“कितीसं?” बाबांनी विचारलं.

“थोडंसं.”

“थोडंसंच ना!” आत्या म्हणाली. “शेकलं की जाईल. कशाला बोलतेस कुणाला? उरल्यासुरल्या जागांत तुझा नंबर लागणार आहे का?”

“नसेल लागणार.”

“शेवटचं वर्ष आहे गं.”

“माहितीये आत्या. दुखतंय.”

मग ती माझ्याकडे वळली. “बोल दादा. तू रस्ताभर सांगून आलायस, तुलाही काही म्हणायचं असेल.”

होतं. खूप होतं. पण तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, “तोंड धू. चिठ्ठी आणायला मी येतो.”

तिने बाईंना फोन लावला. “मॅडम, दुखलं,” एवढंच म्हणाली, आणि फोन ठेवून मोठ्याने रडली, नाक ओढत, लहानपणी रडायची तशी. आत्याने पिठाचा हात तसाच तिच्या पाठीवरून फिरवला. बाबा बाहेर गेले. खाली रंध्याचा आवाज काही आला नाही.

मी गाडी काढायला रस्त्यावर आलो, तर इस्त्रीवाला वाटच बघत होता. “काय मग, बंबवालीचा पाय काय म्हणतोय?”

“दुखतोय!” मी ओरडून सांगितलं. “आणि तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं!”

त्याने इस्त्री खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिला. किराणावाला बाहेर आला, त्यालाही सांगितलं. तेवढ्यात भिंगरी कठडा धरून जिना उतरली, सुजलेल्या डोळ्यांनी, हातात ओळखपत्राची पिशवी.

“गावभर सांगून झालं असेल तर चल,” ती म्हणाली. “दुपारी ऑफिस बंद होतं.”