सरदार लांजेवारांचा वाडा

चार मराठी माणसं दर रविवारी एका सतरंजीवर बसली की किस्से साठणारच. आमचे भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत साठले, आणि अजून कुणी जुना भेटला की पहिला चहा त्यांच्यावरच संपतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात नवा लागलेला प्रकाश होस्टेलमधून एक खेळ शिकून आला होता. बाकी प्रत्येकाने दोनशे वर्षांपूर्वीचा एक सरदार व्हायचं, प्रकाश प्रसंग सांगेल त्यात आपण काय करतोय ते तोंडाने सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवणार. एका बैठकीत एक वर्ष सरायचं. वर्षाअखेरी लढाया बंद, संसार सुरू: लग्न, मूलबाळ, जमीन, वाड्याची डागडुजी.

खेळायचो लांजेवारभाऊंच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. भाऊ रोलिंग मिलमधले, रिटायरमेंटला टेकलेले. मग कंपनीचं क्वार्टर खाली करावं लागणार, म्हणून वहिनी जवळच्या रिसालीत प्लॉट घ्या असं सारखं म्हणायच्या. भाऊंचं उत्तर ठरलेलं, "पाहू ना. घाई कायची हाय?"

*

पहिल्याच वर्षी प्रकाश म्हणाला, "भाऊ, तुमच्या वाड्याचा बुरूज गळतोय. काय करता?"

"कम्प्लेंट देऊन ठेवतो."

"कुणाला? वाडा तुमचाच आहे!"

"येतीन ना मेन्टेनन्सवाले, आपल्या टाइमनं."

बुरूज गळत राहिला आणि शेवटी एका पावसात कोसळला. भाऊ समाधानाने म्हणाले, "आता येतीन!"

*

आमच्यातले दाणीसाहेब खरे ऑफिसर. खेळात त्यांना मुलगा झाला. साहेबांनी तिथल्या तिथे पेढे मागवले, अगदी खरे!

"याला प्लांटमध्येच चिकटवू," साहेब म्हणाले.

"साहेब, प्लांट यायला अजून पावणेदोनशे वर्षं आहेत," प्रकाश म्हणाला.

साहेबांनी जरा विचार केला. "मग तोवर आयटीआय करू दे."

*

मग भाऊंच्या सरदाराला स्थळ सांगून आलं. मुलगी मोठ्या घरची, सोबत दोन गावं. हो म्हणायला काय हरकत होती? पण भाऊ उठले. "घरी इचारून येतो."

आणि खरोखर स्वयंपाकघरात गेले! आम्ही कान टवकारले.

"पोरगी कोन्या गावची?" वहिनींचा आवाज आला.

"रतनपूरची."

"करून घ्या. पन इथं आनू नका. झोपवसान कुठं?"

*

त्या दिवसापासून वहिनींचा त्या सवतीवर भारी जीव. एका वर्षी दुष्काळ पडला. घोडे जगवायचे की घरच्यांना पोटभर द्यायचं, असा पेच आला. भाऊ घोड्यांकडे झुकले होते. तेवढ्यात आतून हुकूम सुटला, "घोडे इका! नवी पोरगी, तिले उपाशी ठेवता का?"

घोडे गेले. पुढच्या लढाईला सरदार लांजेवार पायी!

*

एका रविवारी प्रकाशने सहज सांगितलं, "भाऊ, तुमचा सरदार आता साठीचा झाला."

भाऊंनी हातातले फासे खाली ठेवले. "म्हंजे वाडा खाली करावं लागन. चाबी कोनाले देऊ?"

दाणीसाहेब हसायला लागले आणि मध्येच थांबले. वाडा वंशपरंपरेचा, तो मागायला कुणीच येणार नव्हतं. पण भाऊंच्या डोळ्यांसमोर क्वार्टरच होतं. मला तर फार वाईट वाटलं.

वहिनी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आल्या. "चाबी देऊ नका कोनाले. वाडा त्या रतनपूरवालीच्या नावानं करून टाका. तुमी पाहू ना, पाहू ना करत बसा, अन् ते बिचारी कुठं जाईन?"

भाऊंनी त्या दिवशी फासे परत उचलले नाहीत. पोहे गार झाले.

नंतर दोन-तीन रविवार खेळ बंद होता. मग एके सकाळी भाऊ आम्हाला रिसालीला घेऊन गेले. भाऊंनी घेतलेला मोकळा प्लॉट, चारी बाजूंना चुन्याच्या रेघा. भाऊ त्या रेघांच्या आत छाती काढून फिरत होते. "हे पडवी. हे तुमच्या वहिनीचं स्वयंपाकघर, उजेडाचं. अन् या कोपऱ्यात, मी म्हनतो, एक लहानसा बुरूज काढून घेतो!"

वहिनी तुळशीसाठी जागा बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"काढा ना. गळला का मंग कम्प्लेंट कोनाले देसान?"